आधी दोरा, मग टायटॅनियम

काल रात्री साडेअकराला तू सहा फ्रेमचे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ, "आत्या, यातली कुठली?" अगं, साडी घेतानासुद्धा पदर उलगडून बघतो आपण. गोव्याच्या ७०.३ ट्रायथलॉनला उतरायचंय, सायकलचे नव्वद किलोमीटर आहेत, खिशात पैसे मोजके आणि डोक्यात टायटॅनियम. हे सगळं मला कळतं, कारण हे सगळं माझंही झालंय.

भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेले वेल्ड तपासले, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या पोहणं-सायकल-पळणं प्रकाराच्या नादी लागले. तेव्हापासून टायटॅनियमच्या तीन फ्रेम झाल्या. पहिली मोठी निघाली, दुसरीला टायर मिळेनात, तिसरी अजून चालवते. खाली जे लिहिलंय ते पहिल्या दोघींनी शिकवलेलं आहे, म्हणून फी त्यांची समज.

१. फोटो बघायच्या आधी स्वतःचं माप घे आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव — फ्रेम मनात भरली की माणूस आपलं माप तिच्याजोगं करून सांगायला लागतो. मी माझी उंची दोन सेंटिमीटर वाढवून सांगितली होती, आणि तीही स्वतःलाच.

२. "मीडियम आहे", "चोपन्नची आहे" यावर जाऊ नको. स्टॅक आणि रीच हे दोन आकडे माग — पेडलचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती तो स्टॅक, आणि आडवं पुढे किती तो रीच. बाकीची मापं प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते, या दोघांना तशी सोय नाही.

३. चांगल्या फिटरकडे एकदा पैसे खर्च कर, एरोबारवर बसून कोपरांच्या पॅडची उंची आणि अंतर लिहून आण — या खेळात हँडल धरायचं नसतं, कोपरांवर रेलायचं असतं. म्हणून फ्रेम कोपरांपासून मागे मोजत यायची असते.

४. सीट ट्यूबचा कोन ७६ ते ८० अंशांत असेल तर ती खरी ट्रायथलॉनची फ्रेम — रोडच्या सायकलीत तो ७२ ते ७४ असतो. कोन उभा असला की सीट पुढे येते, वाकूनही मांडी आणि पोट यांत जागा राहते, आणि सायकल ठेवल्यावर जे एकवीस किलोमीटर पळायचंय त्यासाठी पाय थोडे तरी आपले उरतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात डॅन एम्पफील्डच्या क्विंटाना रू कंपनीने अशी उभ्या कोनाची सायकल खास या खेळासाठी काढली, आणि स्टॅक-रीच ही भाषाही पुढे एम्पफील्डनेच रुळवली.

५. रोडची टायटॅनियम फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून घेऊन सीट पुढे ढकलायचा बेत असेल, तर आधी कुणाची तरी तशी सायकल उतारावरून चालवून बघ — सगळं वजन पुढच्या चाकावर जातं आणि सायकल मांजरीसारखी बिचकते. सपाटीवर चालून जाईल, कात्रजच्या उतारावर देव आठवेल.

६. दोन मापांच्या मध्ये अडकलीस तर लहान घे — लहान फ्रेमला उशी देता येते, मोठीला कात्री लावता येत नाही.

हे सहावं मी पहिलं का नाही लिहिलं, तर ते कबूल करायला मला अजून लाज वाटते. माझी पहिली फ्रेम एका ओळखीच्याची होती. अप्रतिम वस्तू. ब्रश केलेला राखाडी रंग, गवताच्या पात्यासारख्या मागच्या नळ्या. मी तिच्यावर बसले की कोपरं पॅडवर टेकायची, पण त्यासाठी मान पुढे काढावी लागायची, विहिरीत वाकून बघावं तशी. मुळशीच्या रस्त्यावर दोन तास झाले की डाव्या खांद्याखाली कुणीतरी खिळा ठोकायचं. वर्षभर मी व्यायाम बदलले, उशा बदलल्या, डॉक्टर बदलले. फ्रेम बदलायला हवी हे तुझ्या बाबांनी सांगितलं, आणि तो तर आयुष्यात स्कूटरवरून उतरलेला नाही!

७. चाकाचं माप सेंटिमीटरमध्ये नाही, इंचात तर मुळीच नाही, मिलिमीटरमध्ये विचार. ६२२ असेल तर निश्चिंत घे, ५७१ असेल तर थांब — नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ ट्रायथलॉन फ्रेमना, विशेषतः लहान मापांना, ५७१ची चाकं असत. आपल्यासारख्या बुटक्यांना ती बसतात फार छान, पण त्यांचे टायर आता शोधावे लागतात. विकणारा "सव्वीस इंची" म्हणतो, दुकानदारही "सव्वीस इंची आहे ना" म्हणतो आणि ५५९चा माउंटन बाइकचा टायर हातात ठेवतो. दोघंही खरं बोलत असतात आणि टायर काही चढत नाही. माझी दुसरी फ्रेम दीड वर्ष भिंतीवर होती ती याच कारणाने.

८. ५७१ची फ्रेम अगदी मापाची आणि मातीमोल मिळत असेल तर घेऊ शकतेस, पण टायरचे तीन जोड आणि ट्यूबचा डबा त्याच आठवड्यात भरून ठेव — शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पणजीत कुणाच्या दारात उभी राहणार?

९. लहान मापाच्या फ्रेमला ६२२ची चाकं असतील तर पेडल आडवं धरून पुढचं चाक वळवून बघ, बोट घासतं का — चालत्या वेगात त्याने काही होत नाही. पण गर्दीत हळू यू-टर्न घेताना बूट चाकात अडकला तर लोक मदतीआधी मोबाइल काढतात.

१०. जाहिरातीत "टायटॅनियम" हा शब्द धातूच्या रकान्यात आहे की रंगाच्या, ते चष्मा लावून वाच — "टायटॅनियम ग्रे" हा ॲल्युमिनियमवर मारलेला रंगही असतो. माझ्या एका मैत्रिणीने तो रंग धातूच्या भावात घेतला, आणि आम्ही दोघींनी महिनाभर कौतुक केलं.

११. जाताना फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाक, पण त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नको — चुंबक स्टील तेवढं पकडून देतो. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि टायटॅनियमलाही नाही. पुढची ओळख जोडावरून पटते: ॲल्युमिनियमचा वेल्ड जाड, लठ्ठ असतो, टायटॅनियमचा बारीक, एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखा.

१२. नळी "३-२.५"ची आहे म्हटलं की मान डोलव — तीन टक्के ॲल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम, विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी हा मिश्रधातू आला आणि सायकलवाल्यांनी तो उचलला. ग्रेड ९ म्हणतात तो हाच.

१३. "६-४"च्या नळ्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नको — तो ग्रेड ५ अधिक ताकदवान खरा, पण त्याच्या बिनजोड नळ्या ओढणं अवघड, म्हणून बऱ्याचदा पत्रा वळवून जोडतात. मागच्या चाकाच्या ड्रॉपआउटला ६-४ असला की छान. सगळीकडे असायलाच हवा असं नाही.

१४. नळी बिनजोड आहे का आणि कारखान्याचा नळीचा दाखला मिळेल का, हे नवी बनवून घेताना लेखी विचार — दाखला देणारा सगळेच देतो, न देणारा प्रत्येक वेळी नवं कारण देतो.

१५. फार बारीक नळ्यांची जुनी फ्रेम नाजूक, सुंदर दिसते. तू पासष्ट किलोच्या आत आहेस म्हणून चालेल, तुझ्या नवऱ्यासाठी बघत असशील तर नको — टायटॅनियम स्टीलपेक्षा सुमारे चाळीस टक्के हलकं, पण ताठपणाही जवळपास निम्मा. म्हणून नळी जाडजूड घेऊन तो भरून काढावा लागतो, नाहीतर चढावर उभं राहून रेटलं की मागचं चाक डोलतं.

१६. वजनाच्या शंभर ग्रॅमवरून विकणाऱ्याशी भांडू नको — तुझ्या पाण्याच्या एका बाटलीत सात-आठशे ग्रॅम असतात, आणि त्या तू तीन नेणार आहेस.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलते, नंतर आत्याने फसवलं म्हणू नको. नुसत्या वेळेचा हिशेब मांडलास तर तेवढ्याच पैशांत जुनी कार्बनची किंवा ॲल्युमिनियमची ट्रायथलॉन सायकल टायटॅनियमला मागे टाकेल. हवेला कापायला नळी चपटी लागते, आणि टायटॅनियमला तसा आकार देणं महाग. अमेरिकेत टेनेसीच्या चॅटनूगा भागातल्या लाइटस्पीडने "ब्लेड" नावाची चपट्या नळ्यांची फ्रेम काढली होती, आणि तिच्यावर आजही लोक जीव टाकतात, पण स्वस्तात गोल नळ्याच मिळतात. हवेचा बहुतेक अडथळा तुझ्या अंगाचा असतो, फ्रेमचा वाटा त्यामानाने थोडा. तरी तो असतो, नाही असं नाही.

मग टायटॅनियम कशाला? कारण तू डोंबिवलीत राहतेस, आठवड्याला समुद्रावर जातेस, घरी ट्रेनरवर घामाच्या धारा गाळतेस, आणि दोन-तीन वर्षांत सायकल बदलण्याइतका तुझा पगार नाही. टायटॅनियम गंजत नाही, रंग उडत नाही, रेल्वेत आपटलं तर ओरखडा येतो आणि तो पुसता येतो. ही टिकण्याची वस्तू आहे, जिंकण्याची नव्हे. हे पटत असेल तर पुढे वाच. नसेल तर कार्बन घे, मी आशीर्वाद देईन.

१७. "टायटॅनियम म्हणजे मऊ, लोण्यासारखं चालतं" यासाठी रुपयाही देऊ नको — तो मऊपणा निम्म्याहून जास्त टायरच्या हवेत आणि बसण्याच्या मापात असतो. सूसच्या खिंडीतले रम्बलर धातूचं नाव विचारत नाहीत.

१८. जोड उन्हात बघ, विकणारा चहावर बघ — ट्यूबलाइटखाली प्रत्येक वेल्ड गोरा दिसतो, आणि चहाच्या दुसऱ्या घोटानंतर माणूस फ्रेम का विकतोय ते आपणहून सांगतो.

१९. वेल्डचा रंग चांदीसारखा असेल तर उत्तम, पेंढ्यासारखा फिकट पिवळा असेल तरी चालेल, निळा-जांभळा असेल तर भुवई उंचव, राखाडी किंवा पांढरट भुकटी दिसली तर नमस्कार करून बाहेर पड — तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन टाकतं आणि ठिसूळ होतं. म्हणून बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन सोडत वेल्ड करायचा असतो, आणि तो निवेपर्यंत वारा लागू द्यायचा नसतो. इंद्रधनुष्य आकाशात शोभतं, जोडावर नाही.

२०. बाहेरचा जोड लखलखीत असेल तर तेवढ्यावर खूश होऊ नको. बॉटम ब्रॅकेट काढायला लावून आत टॉर्च मार — बाहेरचा रंग घासून काढता येतो, आतपर्यंत कुणाचा ब्रश पोचत नाही. आमच्या खात्यात म्हणायचो, वेल्डरचा स्वभाव नळीच्या आत कळतो.

२१. तडा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: हेड ट्यूबखालचा जोड, बॉटम ब्रॅकेटच्या मागचे दोन, सीट क्लॅम्पची चीर, ड्रॉपआउटची मुळं आणि बाटलीच्या स्क्रूंची भोकं — नळी मधेच सहसा फुटत नाही, फुटते ती जोडाच्या काठाला. फडक्याने पुसून, टॉर्च तिरकी धरून, नखाची कड जोडाच्या बाजूने ओढत जा. नख अडखळलं की थांब.

२२. शंका आली तर डीपी टेस्ट करून घे, फॅब्रिकेशनच्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपात करतात, आणि भोसरीला आलीस तर मी फुकट करून देईन.

ही टेस्ट बघायला मजेची आहे. जोड स्वच्छ करायचा, लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही. मग फडक्याला क्लीनर लावून वरचा लाल रंग पुसून काढायचा. थेट फवारायचा नाही, नाहीतर तड्यातलाही धुऊन जातो. सगळं स्वच्छ, काही नाही असं वाटतं. मग वरून पांढरी पावडर फवारायची. जिथे तडा आहे तिथे मिनिटभरात पांढऱ्यावर लाल केसासारखी एक रेघ उमटते. माझ्या तिसऱ्या फ्रेमच्या आधी एक सौदा ठरला होता, विसार द्यायचाच बाकी होता. उजव्या मागच्या नळीच्या मुळाशी दीड सेंटिमीटरची रेघ उमटली. विकणाऱ्या काकांना खरंच माहीत नव्हतं. बिचारे माझ्याहून जास्त घाबरले, दोन महिने त्याच सायकलवर घाट उतरत होते.

२३. रंगवलेली टायटॅनियम फ्रेम दिसली की "का रंगवली?" एवढंच विचार — या धातूला रंगाची गरज नसते. हौस असू शकते, पण हौसेखाली तडाही असू शकतो.

२४. तडा गेलेली फ्रेम "वेल्डिंग करून घेऊ" म्हणत घेऊ नको — नाक्यावरच्या वेल्डरकडे आतून आर्गॉन सोडायची सोय नसते. तो मनापासून जोडेल, आणि जोडाशेजारी पुन्हा फुटेल.

२५. फ्रेम सरळ आहे का बघायला माझी वाकळ शिवायची दोऱ्याची गुंडी पुरते — मागच्या एका ड्रॉपआउटला दोरा बांध, ताणून हेड ट्यूबला वळसा घाल, परत दुसऱ्या ड्रॉपआउटला आण. आता सीट ट्यूबपासून दोरा दोन्ही बाजूंना किती लांब आहे ते पट्टीने मोज. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सोडून दे, त्याहून जास्त असेल तर फ्रेम सोडून दे.

२६. मागचं चाक मधोमध बसत नसेल तर ते काढून उलटं फिरवून बसव — चाक ज्या बाजूला झुकत होतं ती बाजू बदलली तर दोष चाकाचा, तीच राहिली तर फ्रेमचा. चाकवाला आणि फ्रेमवाला एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा हे एकच मिनिट भांडण मिटवतं.

२७. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असलेली फ्रेम घे, दाबून बसवायचा नको — आटे घट्ट करता येतात. दाबलेलं बेअरिंग कुरकुरायला लागलं की प्रत्येक पेडलला लोक मागे वळून बघतात.

२८. इंग्लिश आट्यांत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, हे पान्हा लावायच्या आधी तीनदा मनात म्हण — मी पान्ह्याला दोन फुटी पाइप लावून तो "सोडवत" होते, म्हणजे जिवाच्या आकांताने आवळत होते.

२९. सीटपोस्ट २७.२ किंवा ३१.६ असा सर्रास मिळणारा गोल असू दे — हवेसाठी खास आकाराचा पोस्ट हरवला किंवा मोडला तर तो बनवणारी कंपनीच आठवत बसावं लागतं.

३०. नवी बनवून घेत असशील तर हेड ट्यूब ४४ मिलिमीटरची सांग — सरळ किंवा खाली रुंद होणारा, दोन्ही तऱ्हेचे फोर्क तीत बसवता येतात. जुन्या सव्वा इंचापेक्षा थोड्या बारीक हेड ट्यूबला मात्र सरळ फोर्कच लागतो, आणि जुना फोर्क घेताना त्याची वरची दांडी आधीच्या मालकाने किती कापलीय ते मोज.

३१. मागची रुंदी विचार: रिम ब्रेकला १३०, डिस्कला थ्रू-ॲक्सल असेल तर १४२ — घरातली चाकं बसतात की नवी घ्यावी लागतात ते यावर ठरतं. टायटॅनियम हाताने फाकवून बसवू म्हणणाऱ्याला सायकलला हात लावू देऊ नको.

३२. रिम ब्रेकची फ्रेम जुनी म्हणून नाक मुरडू नको — पणजीच्या रस्त्यावर ती पुरते, स्वस्त मिळते, आणि बॉक्समध्ये भरताना डिस्कची पाती वाकायची धास्ती नाही.

३३. मागे २८चा टायर शिरतो का ते खरोखर शिरवून बघ — जुन्या फ्रेम २३च्या काळातल्या. आपले रस्ते त्या काळातलेच असले तरी आपली कंबर नाही.

३४. बाहेरून जाणाऱ्या केबलींना हसू नको — आत लपवलेल्या केबली दिसतात देखण्या, पण शर्यतीच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत त्या ओवणं म्हणजे अंधारात सुईत दोरा.

३५. स्वस्त फ्रेमची वरात मोठी असते, म्हणून नवरीआधी वऱ्हाडी मोज: फोर्क, हेडसेट, क्रँक, गिअर, ब्रेक, चाकं, एरोबार, सीट — सगळ्या बजेटच्या निम्म्याहून जास्त एकट्या फ्रेमवर गेले तर एरोबार डगमगता आणि टायर टणक मिळतो, आणि वेळ खरी तिथेच जाते.

३६. चीनमधून मागवत असशील तर लाजायचं कारण नाही — शाआन्शी प्रांतातल्या बाओजीला तर टायटॅनियमचं खोरंच म्हणतात, तिकडचे हात या धातूला सरावलेले आहेत. पण फोनवरच्या गोड बोलण्यावर नव्हे, आकडे लिहिलेल्या ड्रॉइंगवर हो म्हण, आणि प्रत्येक आकडा तुझ्या फ्रिजवरच्या कागदाशी ताडून बघ. सीट ट्यूबची लांबी मध्यापासून मध्यापर्यंत की टोकापर्यंत, हे नाही विचारलंस तर तीन-चार सेंटिमीटरची गंमत होते.

३७. बनवून घेतेच आहेस तर बाटल्यांचे तीन जोड आणि वरच्या नळीवर खाऊच्या पिशवीचे दोन स्क्रू आत्ताच सांग — आत्ता ते जवळजवळ फुकट पडतात, नंतर कुणी लावून देत नाही.

३८. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून झालेल्या किमतीवर लागतं, आणि आयजीएसटी त्याच्याही वर, हे आधीच मांड — फ्रेम दारात येते तेव्हा तिच्यासोबत कुरिअरवाल्याचा कागदही येतो.

३९. "बिलावर कमी किंमत लिहून देतो" म्हटलं तर नको म्हण — पार्सल अडकलं तर उत्तर तुला द्यायचंय. वाटेत मोडलं तर विमाही त्या खोट्या किमतीचाच मिळेल.

४०. "आयुष्यभराची वॉरंटी" कुणाच्या आयुष्याची ते विचार — बहुतेकदा ती पहिल्या मालकाची असते. जुनी घेताना तिचा भाव शून्य धर, आणि मूळ बिल आणि फ्रेमचा नंबर मात्र जरूर माग, चोरीची निघाली तर पोलिसांना आत्या नाही, तूच दिसशील.

४१. घरी आणल्यावर पहिलं काम: जिथे जिथे ॲल्युमिनियम टायटॅनियमला भेटतं तिथे अँटी-सीझ लाव, आणि सहा महिन्यांनी सीटपोस्ट काढून पुसून पुन्हा लाव — ग्रीस चिमूटभर, पश्चात्ताप पोतंभर. मी दोन पावसाळे विसरले. घाम आणि पाण्याने ॲल्युमिनियमचा पोस्ट आत चिकटून बसला. मग हॅकसॉचं नुसतं पातं फडक्यात धरून आतून उभी चीर पाडत बसले, तीन रविवार. तुझी आजी येऊन विचारायची, "अजून कापतेच आहेस?"

४२. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वाळूसारखी पेस्ट मिळते ती लाव — ग्रीसने तो घसरतो, मग आपण क्लॅम्प जास्त आवळतो, आणि कार्बन एके दिवशी कट्ट करतं.

४३. ट्रेनरवर बसताना एरोबारवर टॉवेल टाक — घाम टायटॅनियमचं काही बिघडवत नाही, पण हेडसेट आणि एरोबारचे स्क्रू खातो. राजा अमर असला तरी प्रधान मरतात.

४४. ओरखडा आला की भांडी घासायची हिरवी घासणी, नवी कोरी, फ्रेमच्या ब्रशच्या रेघांच्या दिशेने हलकी ओढ — आडवी घासलीस तर ओरखडा जाईल आणि घासणी दिसेल. वाळू मारलेल्या मंद फ्रेमवर हा प्रयोग नको.

४५. गोव्याला नेताना मागच्या ड्रॉपआउटमध्ये प्लास्टिकचा ठोकळा अडकव, सायकलवाल्याकडे नव्या सायकलींच्या खोक्यातून निघालेले पडलेले असतात — चाक काढलेली फ्रेम कुणी पेटीवर पेटी ठेवून दाबली तर तीच जागा वाकते. गिअरचा हँगरही सुटा काढून मोज्यात गुंडाळ. एक जादा हँगर आताच घेऊन ठेव, तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

तू पाठवलेल्या सहांपैकी दुसरी रंगाचं टायटॅनियम आहे, नीट वाच. चौथीला ५७१ची चाकं आहेत, फोटोत ब्रेकच्या जवळ बघ, कळेल. पहिली आणि सहावी तुला मोठ्या. तिसरीच्या विकणाऱ्याने जोडांचा एकही जवळचा फोटो टाकला नाही, त्याला उन्हातला माग. पाचवी मला आवडलीय, पण तिचा रीच आधी विचार. नाशिकला आहे ना ती? शनिवारी सकाळी निघू. डबा मी करते, टॉर्च तू आण, दोरा माझ्याकडे आहे.